सादिकाचाचींचा बदामी टोस्ट

कासारवाडीत स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत सादिका आतार राहतात. वय चौपन्न. गल्लीत त्यांना सगळे चाची म्हणतात, वयाने त्यांच्याहून मोठ्या असलेल्या दोन बायकासुद्धा. माहेर जुन्नरचं. वडिलांची तिथे बेकरी होती आणि लग्न होईपर्यंत चाची त्या बेकरीच्या मागच्या खोलीत पाव, खारी आणि टोस्टच्या वासात वाढल्या. पुढे बेकरी बंद झाली, भावांनी दुसरे धंदे धरले. चाचींची भट्टीची जाण मात्र गेली नाही. ओव्हनचं दार उघडून तळहात आत धरायचा, मनात आकडे मोजायचे आणि कितव्या आकड्याला चटका सोसेनासा होतो त्यावरून भट्टी तापली की नाही ते ठरवायचं. त्यांच्या ओव्हनला तापमानाचा काटा आहे. चाची त्याच्याकडे बघत नाहीत.

ओव्हन आणला त्यांचे यजमान करीमभाई यांनी. ते गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतात. वाकडमधला एक कॅफे बंद पडला तेव्हा तिथला बिघडलेला ओव्हन त्यांनी उचलला, नवी कॉइल टाकली आणि घरात आणून ठेवला. गेली सहा वर्षं चाची त्यात नानखटाई भाजतात. ईद असो की दिवाळी, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधून गिऱ्हाईक येतं.

त्यातलीच एक स्वरूपा. ती चाकणला एका इटालियन कंपनीत परचेस खात्यात आहे. गेल्या जानेवारीत ती आली ती नानखटाईसाठी नाही. कंपनीच्या कारखान्याला दहा वर्षं होणार होती, मोठा कार्यक्रम होता. कारखान्याचे मुख्य रेन्झोसाहेब बोलता बोलता म्हणाले होते, की पाहुण्यांना माझ्या गावाकडचं बदामाचं बिस्कीट द्यावं. एचआरच्या दिग्विजयने ते मनावर घेतलं. दोन नावाजलेल्या ठिकाणांहून नमुने मागवले. एक केकसारखा निघाला, दुसरा लोण्याने थबथबलेला. साहेबांच्या आईने इटलीहून पाठवलेल्या पुड्यातले तीन तुकडे स्वरूपाच्या पर्समध्ये होते. चाचींना जमेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

चाचींनी तुकडा आधी खाल्ला नाही. ओट्यावर ठोकून आवाज ऐकला. मधोमध मोडला, मोडलेली बाजू खिडकीशी धरून पाहिली आणि बोटांना तुपकटपणा लागतो का ते चोळून बघितलं.

"ह्यात तूप न्हाई, लोणी न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी लांब पाव भाजलाय, मग तिरका कापून परत भाजलाय. हा टोस्ट हाय. बदामाचा."

स्वरूपाने मोबाईलवर कृती काढून ठेवली होती. ती बघतच राहिली, कारण कृतीत नेमकं तेच लिहिलं होतं: मैदा, साखर, अंडी, सालासकट बदाम आणि दोनदा भाजणं. मग चाचींनी तुकडा नाकाशी नेला. बडीशेपेचा वास आला. पर्समध्ये मुखवास असतो का, असं त्यांनी विचारलं. हॉटेलातून आणलेली एक पुडी खरंच होती. दोघी हसल्या आणि तो विषय तिथेच संपला. चाचींनी आठ दिवस मागून घेतले.

पहिला घाणा कापताना बिघडला. भाजलेला लांबट पाव चाचींनी पूर्ण गार होऊ दिला होता. सुरी बदामाला अडायची आणि वडीचा चुरा व्हायचा. दुसऱ्या वेळी गरम गरमच कापला, तर आतला भाग सुरीला चिकटला. तिसऱ्या वेळी त्यांनी हात ठेवून पाहिलं. हाताला सोसेल इतपत कोमट झाला तेव्हा कापायला घेतला. सुरी तरी नीट हवी होती. करीमभाईंनी दुकानातल्या हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, जुन्या पात्याला ग्राइंडरवर धार लावली, लाकडी मूठ बसवली. त्या पात्याने एका दाबात वडी पडू लागली, बदाम सरळ चिरला जाऊ लागला. वड्या पुन्हा ट्रेमध्ये मांडून चाचींनी दोन्ही बाजूंनी वाळेपर्यंत भाजल्या. सातव्या दिवशी डबा तयार होता. त्यावर 'अंडं आहे' हे त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. ज्याला चालत नाही त्याची फसवणूक नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन दिवसांनी स्वरूपाचा फोन आला. आवाज पडलेला होता. दिग्विजयने एक वडी चावली आणि दाढ दुखावली. हे शिळं आहे, निदान लोणी घालून मऊ करून द्या, असा त्याचा निरोप होता. स्वरूपा चाचींची माफी मागत होती. चाचींना राग आला नाही. साहेबांनी खाल्लं का, एवढंच त्यांनी विचारलं. नव्हतं खाल्लं, दिग्विजयने डबा पुढे जाऊच दिला नव्हता.

"मग मी येते उद्या," चाची म्हणाल्या. "तुमच्या कॅन्टीनला चहा मिळतो ना?"

दुसऱ्या दिवशी त्या करीमभाईंच्या मोटारसायकलवर मागे बसून भोसरी, मोशी करत चाकणला पोचल्या. मांडीवर डबा. गेटवर नाव लिहिलं, पास गळ्यात घातला. कॅन्टीनमध्ये पहिल्या शिफ्टची चहाची सुट्टी नुकतीच झाली होती. दिग्विजय पंचविशी-तिशीतला, सभ्य मुलगा. त्याने खुर्ची दिली आणि तेच पुन्हा समजावून सांगू लागला, की पाहुणे मोठे आहेत, त्यांना कडक चालणार नाही. चाचींनी त्याला बोलू दिलं. मग तीन कप चहा मागवला, एक वडी चहात धरली, ओठांनी चार आकडे मोजले आणि त्याच्या हातात दिली.

त्याने खाल्ली. दुसरी त्याने स्वतःच बुडवली.

"मऊ पाहिजे असेल तर नानखटाई देते, मन लावून देते," चाची म्हणाल्या. "पण टोस्टात लोणी घालून ह्याच नावानं देणार न्हाई. ज्यांच्या घरचा हाय त्यांनी खाल्ला तर काय म्हणतील?"

ते लगेचच कळलं. स्वरूपा रेन्झोसाहेबांना बोलावून घेऊन आली होती. साठीला आलेला उंच माणूस, हातात चष्मा. त्यांनी चहाकडे लक्षच दिलं नाही. वडी दाताखाली कडकडा फोडली, संपवली, दुसरी घेतली. मग इंग्रजीत काहीतरी बोलले आणि स्वरूपाने सांगितलं, की भाजणी अगदी बरोबर आहे, त्यांच्या गावातही लोक हे बुडवूनच खातात, फक्त चहात नाही, गोड वाइनमध्ये. एकच गोष्ट राहिली आहे. त्यांची आई यात बडीशेप घालते.

वास चाचींच्या नाकाने बरोबर पकडला होता आणि त्यांनीच तो मुखवासाच्या पुडीवर ढकलून दिला होता. जुन्नरच्या बेकरीत वडील म्हणायचे, की सादिकाच्या नाकाला फसवता येत नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच नाकाचं ऐकलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये कोणाला हे कळायचं कारण नव्हतं. साहेब खूश होते, दिग्विजय ऑर्डर पक्की करायला निघाला होता. पण चाचींनी स्वरूपाला साहेबांना सांगायला लावलं, की वास आला होता, चूक माझी, हा डबा नमुना म्हणून धरू नका. साहेबांनी मान लववली. त्यांना ते आवडलं असावं.

परतीच्या वाटेवर मोशीला सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या करीमभाईंना म्हणाल्या, की वाण्याकडून बारीक बडीशेप घ्यायची, जाड नको.

पुढचे बारा दिवस घरात त्याच वासाचं राज्य होतं. बडीशेप किती, अख्खी की कुटून, भाजून की कच्ची, हे ठरायला तीन घाणे गेले. शेवटी हलकी भाजून, अर्धवट कुटून घातलेली त्यांना पटली. कार्यक्रमाच्या दिवशी चारशे डबे वेळेवर चाकणला पोचले. प्रत्येक डब्यात स्वरूपाने एक चिठ्ठी घातली होती, 'चहात बुडवून खा', मराठीत आणि इंग्रजीत. पाहुण्यांनी काय केलं ते चाचींना माहीत नाही, पण दुपारच्या शिफ्टच्या कामगारांनी कॅन्टीनमध्ये उरलेले डबे फोडले आणि ट्रे मोकळा होईपर्यंत चहाची किटली दोनदा भरावी लागली, हे त्यांना स्वरूपाने सांगितलं.

आता चाची दर बुधवारी हा टोस्ट भाजतात. कंपनीतून मागणी येते, थेरगावच्या दोन दुकानांतूनही येते. जास्त करून द्या म्हणणाऱ्यांना त्या सरळ नाही म्हणतात. एका दिवसात त्यांच्या हाताखालून जेवढं जाईल तेवढंच. मागच्या महिन्यात पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीने त्यांना क्लबहाऊसमध्ये शिकवायला बोलावलं. वीसेक बायका वह्या-मोबाईल घेऊन बसल्या होत्या. एकीने विचारलं, ओव्हन किती डिग्रीवर ठेवायचा. चाचींनी बाही मागे सारली, तिला जवळ बोलावलं आणि तिचा तळहात ओव्हनच्या दारात धरला.

"मोज," त्या म्हणाल्या.