पायलट झोपलाय

त्या गल्लीत दुपारी कुणी मोठ्यानं शिंकलं तरी चार खिडक्यांतून "श्शू!" येई. कोपऱ्यावरच्या घरात पायलट झोपलेला असे, आणि त्याच्या झोपेवर त्याच्या आईचा पहारा असे.

पायलट म्हटल्यावर जे रुबाबदार चित्र डोळ्यांपुढे येतं, ते आधी पुसून टाकावं. याचं विमान लहानसं, खुर्च्या उपटून काढलेलं. पोटात पार्सलं, औषधांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग. एकदा तर कोंबडीची पिल्लं होती. ती वाटभर चिवचिवत राहिली आणि याचे कान किटले. सोबतीला दुसरा पायलट नाही. लोकांची जेवणं आटोपली की हा निघे, आणि लोक दात घासत असताना परत येई. "माझे प्रवासी गुणाचे," तो म्हणायचा, "चहा मागत नाहीत, उशीर झाला तर भांडत नाहीत." कंपनीतले मेकॅनिक त्याला घुबड म्हणत. आईला ते मुळीच आवडत नसे, पण तिच्या लेकाचा दिवस काळ्या पडद्यांमागे जायचा हे काही खोटं नव्हतं.

बायको शाळेत शिकवायला जाई. मग घरात दोघंच उरत: एक झोपणारा, एक झोप राखणारी. दारावरच्या बेलची तार आईनं स्वतः काढून टाकली होती. कुकरच्या शिट्ट्या तो यायच्या आतच उरकलेल्या असत. भाजीवाल्याला तर तिनं एकदा असा फैलावर घेतला की तो बापडा पुढं तोंडाला कुलूप लावूनच गल्लीत शिरे. "तुझा डोळा लागला तर गाडी थांबते," ती म्हणाली होती, "माझ्या लेकाचा लागला तर विमान खाली येतं."

मग तिचंच हृदय कुरकुरायला लागलं. छातीत कळ आली तर अजिबात वेळ दवडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यानं त्याच दिवशी एक पितळी घंटा आणून तिच्या उशाशी ठेवली.

"काही वाटलं की वाजवायची. मी पलीकडच्या खोलीतच आहे."

"आणि तुझी झोप?"

"झोप गेली खड्ड्यात!"

त्यानं तिच्याकडून ती एकदा वाजवून घेतली, मगच तो पडला.

काही दिवसांनी भर दुपारी घंटा खणखणली. तो धडपडत उठला, आईला दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्यांत सगळी संध्याकाळ गेली, आणि शेवटी निघाला काय, तर पोटातला वायू. आई ओशाळून गेली. त्या रात्री त्यानं सुट्टी घ्यायला हवी होती. पण बदली माणूस नव्हता, आणि कशालाही "जमेल" म्हणायची त्याची जुनी खोड. तसाच गेला.

सकाळी चहा पिता पिता तो हसत म्हणाला, "काल गंमतच झाली. वर असताना डुलकी लागली. डोळे उघडतो तर नाक खाली, आणि समोर डोंगर!"

बायकोनं कप खाली ठेवला. आईनं विचारलं, "मी उठवलं म्हणून ना रे?"

"छे गं, काहीतरीच काय!" म्हणत तो झोपायला गेला.

काय गरज होती ही फुशारकी मारायची? मेकॅनिक लोकांत खपतात ते किस्से आईपुढं सांगायचे नसतात. पण विमान उतरवायला शिकलेल्या या शहाण्याला तेवढी अक्कल नव्हती.

त्यानंतर घंटा कधी वाजली नाही. आईला बरं वाटतंय, असं तो धरून चालला.

एका संध्याकाळी शाळेतून आलेल्या बायकोनं त्याला हलवून उठवलं. असं ती कधी करत नसे. "अहो, आई..."

आई पलंगावर कलंडलेली होती. अंग गार पडलं होतं. घंटा तिच्या मांडीवर होती, आणि आतल्या लोळ्याभोवती चिंधी गुंडाळलेली होती, त्याच्याच जुन्या पांढऱ्या गणवेशाची. चुकून धक्का लागला तरी लेकाची झोप मोडू नये म्हणून. चिंधीला दोन गाठी मारलेल्या. एक सुटली होती. दुसरीचा धागा तिच्या नखात अडकलेला होता.

तो तिथंच खाली बसला. मधे एक भिंत होती, फक्त एक भिंत, आणि तो गाढ झोपला होता.

गल्लीतल्या बाया जमल्या. पदर, ओढण्या तोंडात कोंबून त्या हुंदके देत होत्या. भाजीवाला चपला हातात घेऊन आत आला. कुणाचं तरी पोर भोकाड पसरणार, तेवढ्यात त्याच्या आजीनं त्याचं तोंड दाबलं. "श्शू! पायलट झोपलाय."

तो बाहेर आला. हातात घंटा होती, दुसरी गाठ त्यानं दातांनी तोडली होती.

"मोठ्यानं रडा," तो म्हणाला. "मी जागा आहे."