मासोळीच्या कोर्सला जीवशास्त्र नाही

"टीसी तर त्या सरायनं कालच नेली, मॅडम," देवराम म्हणाले. "आता तुमी सांगा, कोणतं कॉलेज चांगलं?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे हे नेहमीचंच. आधी प्रवेश, मग सल्ला.

ही दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी अर्जुनी मोरगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. करिअर मार्गदर्शनाचा चार्जही माझ्याकडेच होता. चार्ज म्हणजे स्टाफरूमच्या कोपऱ्यातली एक खुर्ची आणि भिंतीवरचा एक फाटका तक्ता. येणारा जो तो एकच विचारायचा, डी.एड.ला किती टक्के लागतात?

देवराम प्रतापगडकडचे ढीवर. गावच्या तलावात मासेमारी करणाऱ्या सोसायटीचे सभासद. त्यांची मुलगी मनीषा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला मासेच शिकायचे होते.

"काऊन?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"सोसायटीनं रोहू-कतल्याचं बीज टाकलं तवापासून तलावातली गावठी मरळ, शिंगी दिसतच नाई. कुठं गेली ते मले पाह्यचं आहे."

इतक्या वर्षांत कुणी मला असलं कारण दिलं नव्हतं. फार आनंद झाला. तो काही टिकला नाही.

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या भागात निकाल लागला की खाजगी कॉलेजांचे शिक्षक गावोगाव फिरतात. तुकडी भरली नाही तर त्यांच्या नोकरीवर येतं. म्हणून ते घरी येऊन चहा पितात, पोराचं कौतुक करतात आणि टीसी घेऊनच उठतात. ज्याच्या हातात टीसी, त्याचं पोर. शेजारच्या गावातल्या एका कॉलेजचे सर असेच देवरामांकडे आले होते. "आमच्याकडे तर मासोळीचाच कोर्स आहे," असं त्यांनी सांगितलं. विषय संपला.

कोर्स खरंच होता. बायफोकल. म्हणजे अकरावी-बारावी सायन्सलाच दुसरी भाषा आणि एक विषय सोडायचा आणि त्या जागी दोनशे मार्कांचा धंदेशिक्षणाचा विषय घ्यायचा. इथे तो मत्स्यशास्त्र होता. कोर्स वाईट नाही. पण मत्स्यविज्ञानाच्या पदवीला बारावीत जीवशास्त्र लागतं, आणि त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला माणूसच नव्हता. जागा रिकामी. म्हणून बायफोकलवाल्या सगळ्यांना सरसकट गणित. मनीषा तिथे दोन वर्षं मासे शिकली असती आणि माशांच्याच कॉलेजचं दार तिला बंद झालं असतं.

हे मी देवरामांना समजावलं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"मासोळी शिकून मासोळीच्या कॉलेजात जाता येत नाई? तुमी आमची पोरगी इकडं ओढून राहिले, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. "आमच्याकडे नका टाकू! साकोलीला टाका, गोंदियाला टाका. जिथं जीवशास्त्र असेल तिथं टाका!"

नेमके प्राचार्य दारावरून चालले होते. ते गोंदिया शहरातले. चिडले की हिंदीवर यायचे.

"मॅडम, ये क्या कर रहे हो आप? अपनीच तुकडी खाली है और आप साकोली भेज रहे हो?"

"सर, हा सल्ला आहे."

"तो अपने कॉलेज का दो ना सल्ला!"

ऑफिसच्या फोनला कुलूप आणि किल्ली प्राचार्यांकडे. ती मागायची माझी इच्छा नव्हती. मी बापलेकीला घेऊन एसटीडी बूथवर गेले, पदवीच्या कॉलेजला फोन लावला आणि रिसीव्हर सरळ देवरामांच्या हातात दिला.

"बारावीला बायलॉजी आहे का?" पलीकडच्या बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"नाई. पण मासोळी आहे."

"बायलॉजी नसेल तर प्रवेश नाही."

देवरामांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. रिसीव्हर ठेवून ते माझ्यावरच भडकले. "हे आधी काऊन सांगत नाई कोणी?"

"तुम्ही आधी येता कुठं?"

मनीषाचे डोळे भरले होते. मला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

आता टीसी परत आणायची. देवराम त्या कॉलेजात गेले तर साहेब बाहेर गेलेले. पुन्हा गेले तर क्लार्क रजेवर. सगळीकडचे प्रवेश संपत आले होते. शेवटी मनीषाची आई, कौशल्याबाई, बाजाराच्या दिवशी मासोळ्यांचा टोपला घेऊन निघाली. ती बाजारात गेलीच नाही. त्या कॉलेजच्या ऑफिसपुढच्या व्हरांड्यात तिनं ओलं पोतं पसरलं, त्यावर मासोळ्या मांडल्या आणि कापायला बसली.

क्लार्क धावत आला. "ओ बाई, इथं कायले बसल्या?"

"तुमच्याकडे मासोळीचा कोर्स आहे ना? पोरायले शिकवून राहिली."

ऊन चढायच्या आत टीसी हातात पडली. हे देवरामांनी मला हसत हसत सांगितलं आणि टीसी माझ्यापुढे ठेवली. "तुमच्याकडेच टाकतो. तुमी नको म्हणलं, म्हणून भरोसा बसला."

प्राचार्य खूश. "वा मॅडम! क्या टेक्निक है!" पुढच्या उन्हाळ्यात विद्यार्थी गोळा करायच्या मोहिमेवर माझंच नाव. मी म्हटलं, जाते, पण प्रत्येक घरी आपल्या कॉलेजात काय नाही ते आधी सांगेन. नाव लगेच कापलं गेलं.

दोन वर्षांनी मनीषाला मत्स्यविज्ञानाच्या पदवीला प्रवेश मिळाला. पहिल्या सुटीत ती गावच्या तलावावर तपासणीसाठी बाटल्यांत पाणी भरत फिरत होती. देवराम कुरकुरले, "आता मलेच मासोळी शिकवून राहिली."

पालकांना मी तेव्हापासून एकच सांगत आले. कॉलेज निवडायला जाल तेव्हा त्यांच्याकडे काय आहे हे विचारू नका, ते न विचारता सांगतील. काय नाही ते विचारा. आणि टीसी तोवर घरच्या पेटीत ठेवा.