आठव्या फाटकापासून पुढे

प्रिय ईशा आणि नील,

डॉक्टरांनी आधी माझ्या दंडाचा आणि मग घोट्याचा रक्तदाब मोजला. आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, हे वयाचं दुखणं नाही. पेरिफेरल आर्टरी डिसीज आहे.”

म्हणजे पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या आहेत. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, मग पोटरी आवळते. थांबलं की सुटते. या दुखण्याला क्लॉडिकेशन म्हणतात. मी वर्षभर त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या घेत होते. तुमच्या ओळखीचं कुणी “चालताना दुखतं, थांबलं की बरं वाटतं” म्हणालं, तर त्याला माझ्यासारखं वर्ष घालवू देऊ नका.

“गोळ्या देतो, साखर सांभाळा,” डॉक्टर म्हणाले. “पण खरं औषध चालणं. दुखेपर्यंत चाला, बसा, दुखणं गेलं की परत चाला. रोज. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर अँजिओग्राफी, मग कदाचित ऑपरेशन.” अँजिओग्राफी म्हणजे रक्तनळीत औषध सोडून तिचे फोटो काढणं.

त्यापुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या पँटचा एक पाय गुडघ्याशी दुमडून पिन लावलेली होती. मी एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

आपली कॉलनी तुम्हाला माहीत आहे. सरळ सिमेंटचा रस्ता, दोन्हीकडे भिंती आणि फाटकं. मी वहीत लिहिलं: पहिला दिवस, आठवं फाटक. तिथे पोटरी आवळली. चालणं जमत होतं, बसायला जागा नव्हती. भिंतींवर काचा, ओट्यांवर कुंड्या, फाटकांपुढे गाड्यांसाठी उतार, फुटपाथ नाहीच. मी फाटकाची सळई धरून उभी राहिले. आतून कुत्रा भुंकला, मागून टेम्पोने हॉर्न दिला. लंगडत घरी आले.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मी वहीत “ऊन होतं” असं लिहिलं आणि गेलेच नाही. ऊन नव्हतं.

आजोबा म्हणाले, “गच्चीवर चाल.” गच्चीवर फेऱ्या मारून गरगरलं.

त्या रविवारी आम्ही मसाला आणायला जुन्या गावात, मस्तगडला गेलो. गल्ली खोदलेली, म्हणून रिक्षा तोंडाशीच थांबली. चालावं लागलं. पोटरी आवळली तर समोर कुणाच्या तरी घराचा ओटा. बसले. आतल्या बाईंनी ओळख नसताना पाण्याचा तांब्या दिला. उठले, चालले, परत एक ओटा. येताना आजोबा म्हणाले, “आज इतकं चालली तू, वहीत मावणार न्हाई.”

घरी आल्यावर मी आपल्या फाटकाबाहेरचा ओटा पाहिला. त्यावर अकरा कुंड्या होत्या. त्या मीच मांडलेल्या. पूर्वी भाजीवाली सुमनबाई तिथे टोपली टेकायची. चार बायका जमायच्या, मेथीच्या काड्या पडायच्या. मला टापटीप लागते. मी तिला काही बोलले नाही, फक्त बसायला जागा ठेवली नाही. माझं पाहून कॉलनीनेही तेच केलं. आठव्या फाटकाच्या काकूंनी तर रोपंसुद्धा माझ्याकडूनच नेली होती.

सकाळी मी कुंड्या आत सरकवत होते, तेवढ्यात सुमनबाई आली.

“काय करून राह्यल्या, मॅडम? कुंड्या उठल्या? मंग आता काय, काटेरी तार लावता का?”

“बस, सुमनबाई.”

ती बसली नाही. टोपली डोक्यावरच. मी पाय दाखवला, सगळं सांगितलं, कुंड्यांचंही. “चुकलं माझं,” म्हणाले.

“आमचेबी पायच होते, मॅडम.”

मी उरलेली कुंडी उचलून आत ठेवली. तिने टोपली उतरवली. “सरका तिकडं.”

पुढचं तिनेच केलं. भाजी देता देता ती दारोदार सांगायची, “मॅडमला चालायचंय, बसायला जागा करा. त्यायनी सोताच्या कुंड्या काढल्या, तुमच्या काय सोन्याच्या हायेत?” आठव्या फाटकाच्या काकूंनी ओटा मोकळा केला. पुढे एकाने दोन दगडांवर शहाबादी फरशी टाकली. कुणी जुनी खुर्ची लिंबाखाली ठेवली. मी फरशीवर बसले की दुसऱ्याही आज्या येऊन बसू लागल्या. एवढ्या म्हाताऱ्या आपल्या कॉलनीत राहतात हे मला माहीतच नव्हतं.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “मुख्य नळी तशीच अरुंद आहे. पण बाजूच्या बारीक नळ्या कामाला लागल्यात आणि स्नायू तयार झालाय. ऑपरेशनचं नाव सध्या नको. चालणं सोडू नका.” त्या दिवशी वहीत लिहिलं: एकविसावं फाटक, मध्ये न बसता.

तरी मी बसते. दहा वाजता ओट्यावर सुमनबाई असते. मेथीच्या काड्या पडतात. ती उठून गेल्यावर मी त्या झाडते आणि मनात डॉक्टरांच्या आधी तिचे आभार मानते.

आता तुमचं काम. तुम्ही राहता त्या रस्त्यावर दुखऱ्या पायाच्या माणसाला टेकायला कुठे कुठे जागा आहे? रविवारी फोन कराल तेव्हा मोजून सांगा. तुमच्याच फाटकापासून सुरुवात करा.

तुमची आजी