रोजचे छप्पन्न

काजवाल्या मावशींच्या घरी सकाळी चहाआधी नाडी असायची. त्यांची मुलगी टेबलाशी येऊन बसली की मावशी म्हणायच्या, "हात दे." मुलगी त्यांच्याकडे न बघता डावा हात पुढे सरकवायची आणि मावशी भिंतीवरच्या घड्याळाला डोळे लावून अर्धं मिनिट मोजायच्या. मग दुप्पट करून आकडा सांगायच्या. "छप्पन्न." कधी चौपन्न, कधी अठ्ठावन्न. आकडा साठच्या आत असला की गोळी पोटात गेलीय आणि आपलं काम करतेय, असं त्यांचं साधं गणित. ते जुळलं की मावशींचा जीव भांड्यात पडायचा आणि मगच चहा कपात.

मावशी त्या कुणाच्याच सख्ख्या नव्हत्या. कोट शिवणाऱ्या एका जुन्या दुकानात सव्वीस वर्षं त्या हाताने काजं करत होत्या, आणि मास्तरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. मशीन मिनिटभरात काज करतं, पण त्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना हाताचंच काज लागे. बटण लावलं की ते कुणाला दिसतसुद्धा नाही, तरी लागे! असो, त्या हौसेवर मावशींचं घर चाललं. एवढ्या वर्षांत सुईने त्यांच्या बोटांची चाळण केली होती. तर्जनी आणि मधल्या बोटाला असे घट्टे पडले होते की गरम कप धरला तरी चटका उशिरा कळे. त्यात रोजच्या गोळ्यांनी बोटं बारा महिने गार. कापडाचा पोत बघायचा तर त्या अंगठा फिरवायच्या, कारण तेवढाच काय तो शाबूत राहिला होता. नाडीलाही त्या तोच लावायच्या.

हे नाडीचं खूळ काही हौसेचं नव्हतं. मावशींचे वडील छत्तिसाव्या वर्षी बस पकडायला धावले, स्टॉपवर कोसळले आणि उठलेच नाहीत. लोक म्हणाले, ऊन लागलं. पुढे थोरला भाऊ विसाव्या वर्षी पोहता पोहता गेला. लोक म्हणाले, पायात गोळा आला असेल. लोकांना काहीतरी म्हणावंच लागतं. घरच्यांना मात्र एवढंच कळलं की आपल्यातली माणसं धावपळीत जातात, आणि मावशींच्या आईने उरलेल्या एकुलत्या लेकीला कधी पळूच दिलं नाही. तिशीत एके दिवशी मावशी दुकानाचा जिना चढताना कोसळल्या. त्या वाचल्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली आणि त्या सगळ्या मरणांना पहिल्यांदा एक नाव दिलं. नाव लांबलचक होतं, ते मावशींच्या लक्षात राहिलं नाही. राहिलं ते इतकंच, की एका ठोक्यानंतर दुसऱ्यासाठी सज्ज व्हायला आपल्या हृदयाला जरा जास्त वेळ लागतो. धावपळीत नाहीतर धसक्यात तो वेळ मिळाला नाही की ताल सुटतो. म्हणून ठोके संथ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर. आणि हे रक्तातून येतं. मूल असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या.

मूल होतं. दोन वर्षांचं, दिवसभर घरभर गरगरणारं, म्हणून बापाने तिचं नाव भिंगरी पाडलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असेल किंवा नसेल, दोन्ही तितकंच शक्य आहे. महिन्याभराने कागद आला. होतं. बाप बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यामुळे त्या दिवशी मावशींना रडायलाही कुणी समोर नव्हतं. पोरीने माझं नाक घेतलं असतं, माझे केस घेतले असते, आणि उचललं ते नेमकं हे, असं त्यांच्या मनात आलं आणि ते तिथेच घर करून बसलं. तेव्हापासून बावीस वर्षं त्यांनी पोरीला डोळ्यांत तेल घालून जपलं. पोर चौदाची होऊन गोळी आपल्या हाताने घ्यायला लागली, तेव्हा ही रोजची नाडी सुरू झाली.

गोळ्या जीव राखायच्या आणि जिवातली उमेद काढून घ्यायच्या. सकाळी उठायचं तर अंगावर ओल्या गोधड्या टाकल्यासारखं वाटे. दुपारी तीनच्या सुमाराला काजाचे टाके डोळ्यांसमोर एकात एक मिसळायचे, तेव्हा मावशी कोट मांडीवर घेऊन, सुई हातात धरून पाच मिनिटं नुसत्या बसून राहायच्या. मास्तर भला माणूस, तो कानाडोळा करायचा. घरी मात्र त्या चकार शब्द काढायच्या नाहीत. भिंगरीने शाळेत असताना एकदा विचारलं होतं, "आई, गोळी घेतली की तुला झोप येते का गं?" आणि मावशींनी पोळपाटावरून मान वर न करता सांगितलं होतं, "छे, मला काही होत नाही." आपण दमलो म्हटलं तर पोर गोळी सोडील, ही भीती. तेव्हा तो शहाणपणा वाटला.

भिंगरी चोविसाची झाली आणि एका बालवाडीत शिकवायला लागली. वीस पोरं, तीन-तीन वर्षांची. पहिले महिने ती घरी आली की चपला न काढता पलंगावर आडवी व्हायची. मग हळूहळू पोरीला तरतरी आली. जेवताना बोलायला लागली, एकदा तर भांडी घासताना गाणं म्हणाली. मावशी मनात म्हणाल्या, बरं झालं, काम अंगवळणी पडलं. सकाळी नाडी छप्पन्नच होती.

वर्षाच्या तपासणीला दोघी मिळूनच जायच्या. यंदाही दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात, पाठीला टोचणाऱ्या बाकावर दोघी नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. भिंगरी सकाळपासून गप्प होती, पाय हलवत होती. घाबरलीय, मावशींना वाटलं. गडबडीत आज सकाळची नाडीही राहिली होती.

"हात दे."

"इथे कशाला आई? आता आत बघतीलच ना."

"दे गं. मला बरं वाटेल."

मावशींनी मोजली. "साठ. जरा चढलीय, पण दवाखान्यात चालायचंच."

समोरून फायली घेऊन चाललेली सिस्टर थबकली. तरुण होती, हसरी होती. "मावशी, अंगठ्याने बघता नाडी?"

"मग? दहा वर्षं रोज बघतेय."

"अहो, अंगठ्यातच नाडी उडते. तो लावला की आपलीच लागते हाताला. तुम्ही स्वतःचीच मोजताय!" सिस्टरने हसत भिंगरीचं मनगट घेतलं, दोन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे बघितलं. बघता बघता तिचं हसू ओसरलं. "शहाण्णव. धावत आलात का?"

बसूनच होतो की आम्ही, असं मावशी म्हणणार होत्या. पण शब्द बाहेर यायच्या आत त्यांना उमगलं. साठ त्यांचे होते. छप्पन्न, चौपन्न, सगळे त्यांचेच होते. इतकी वर्षं दोघी गोळी घेत होत्या, दोघींचे ठोके आसपास पडत होते, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही. आता पडली, याचा अर्थ एकच होता.

"भिंगरे, गोळी घेतलीस ना सकाळी?"

भिंगरीने सिस्टरच्या हातातलं मनगट सोडवून घेतलं.

"अगं, बोल की."

"चार महिने नाही घेतली."

चार महिने ही पोर बालवाडीच्या अंगणात पोरांमागे पळत होती, आणि आपण चहा गाळत होतो.

आत डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढायला लावली. पट्टी त्यांना आवडली नाही, हे न सांगता कळलं. आता त्यांचेही केस पिकले होते. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "काही झालं नाही हे नशीब समज. पुढच्या चार महिन्यांचं मी सांगू शकत नाही." मग फाईल मिटून म्हणाल्या, "माझ्या धाकाने घेतलेली गोळी तू पुन्हा सोडशील. दहा मिनिटं बाहेर बसा. दोघी बोला. मग आत या."

दोघी पुन्हा त्याच बाकावर आल्या. मावशींना पोरीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांनी आयुष्यात तिच्यावर हात उगारला नव्हता. उगारण्याइतकं त्राणच कधी नसायचं.

"का केलंस असं?"

"पोरं हातातून निसटायची, आई. एक जण फाटकापर्यंत गेला एकदा. मी बघत होते आणि माझे पायच उचलेनात." भिंगरी भराभर बोलायला लागली. "म्हणून आठवडाभर सोडून बघितली. वाटलं, तू पहिल्याच सकाळी पकडशील. मी तयारीत बसले होते. आणि तू म्हणालीस, छप्पन्न. दुसऱ्या दिवशी पुन्हा छप्पन्न. मला वाटलं, आपोआपच बरं झालं. माझ्यातून गेलं ते. आई, मी तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवला."

मावशींचा राग जागच्या जागी विझला. ज्या हाताने त्यांनी पोरीला बावीस वर्षं सांभाळलं, त्याच हाताने चार महिने तिला खड्ड्याच्या कडेला उभं केलं होतं. त्यांना रडूही येईना, इतक्या त्या दमल्या होत्या.

"आणि तुझ्याकडे बघून मला लाज वाटायची," भिंगरी म्हणाली. "तूही त्याच गोळ्या खातेस. शिवाय दुकान, घर, सगळं करतेस. तुला काही होत नाही. म्हणजे मीच ऐदी. मीच नाटकं करते."

मावशींच्या जिभेवर तेच ठरलेलं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"होतं गं," त्या म्हणाल्या. "रोज होतं. सकाळी पलंगावर बसून मी आधी स्वतःच्या हातापाया पडते, उठा बाबांनो म्हणून. दुपारी तीनला मला कोट दिसेनासा होतो. तू लहान होतीस ना, तेव्हा तुला उचलून घ्यायचं म्हटलं की मी गोष्ट सांगायला बसायचे, म्हणजे उचलायला नको. तुला वाटायचं, आईला गोष्टींचा नाद आहे."

भिंगरी त्यांच्याकडे वळली. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू गोळी सोडशील म्हणून."

भिंगरीचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. समोरचं दार उघडलं, सिस्टरने मान बाहेर काढून खूण केली.

"मी घेईन," भिंगरी उठत म्हणाली. "पण एकटी नाही दमणार मी. तू आत खरं सांगायचं."

आत डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला समजावलं. गोळी थोड्यापासून सुरू करायची, एकदम न घेता सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यायची; तरी जमलं नाही तर त्याच जातीची दुसरी बघू; पण न सांगता सोडायची नाही. बालवाडीत पळापळीचं काम दुसऱ्या बाईंकडे द्यायचं, तसं पत्र त्या देणार होत्या. सिस्टरने पहिली गोळी आणि पाण्याचा पेला टेबलावर आणून ठेवला. भिंगरीने दोन्हींकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले.

डॉक्टरीणबाई मावशींची फाईल ओढून सवयीने लिहू लागल्या. "आणि तुमचं? ठीकच ना, नेहमीसारखं?"

बावीस वर्षं फाईलमध्ये दर भेटीच्या तारखेपुढे 'ठीक' लिहिलेलं होतं. मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दमते हो मी. फार दमते."

पेन थांबलं. मावशी सांगत राहिल्या, एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. आणि त्या बोलत असतानाच भिंगरीने गोळी उचलून तोंडात टाकली.