यंत्राचे लाड

नागपूरला वारा नाही, हे आमच्या घरात शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. सिद्ध करणारे विद्वान म्हणजे आमचे हे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. इथल्या वाऱ्यात पवनचक्की फिरवण्याएवढा जोर आहे का, ते मोजायचं काम मध्यप्रांत सरकारनं यांच्यावर सोपवलं होतं. जोर निघाला तर पहिली चक्की आमच्याच परसातल्या विहिरीवर बसणार, पाणी आपोआप वर येणार! ऐकलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. स्वयंपाकाचं पाणी सोवळ्यात भरायचं म्हणून गडी असून नसल्यासारखा, आणि विहीर म्हणजे पाताळ. दोर ओढून ओढून माझा उजवा खांदा कामातून गेला होता. वेणी घालायला हात वर जात नव्हता.

मग विलायतेहून वारा मोजायचं यंत्र आलं. दांड्यावर चार वाट्या, वारा लागला की गरगर फिरायच्या. शेजारच्या मावशींनी कुंपणावरून विचारलं, "काहून वं, तुह्या वाट्या गच्चीवर कोनं टांगल्या?" शास्त्र आहे म्हटलं, तर तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

यंत्राचे जे लाड झाले, ते माझ्या बाळंतपणातसुद्धा माझे झाले नाहीत. सकाळच्या गारव्यात हे गच्चीवर जाऊन वाट्यांचे फेरे मोजायचे. ऊन चढलं की यंत्र खाली. सरकारी वस्तू ना! धूळ जाईल, तेल सुकेल! जुन्या मऊ धोतरात गुंडाळून ते कपाटात, आणि हे वाळ्याच्या ओल्या ताटीआड चटईवर. बाहेर वैशाखातली लू अशी सुटलेली, की दोरीवरची लुगडी तिसऱ्या घरच्या अंगणात सापडायची. आत शास्त्र घोरत पडलेलं. दिवेलागणीला वारा पडला, झाडाचं पान हलेना, की यंत्राची स्वारी पुन्हा गच्चीवर.

"अहो, दुपारी मोजा की एकदा!" मी किती वेळा म्हटलं असेल.

"तो वारा नव्हे गं, ती लू. आणि यंत्राला काही झालं तर साहेबाला कोणतं तोंड दाखवू?"

बायकोला दाखवायला तेच तोंड चालत होतं.

साहेब अहवाल बघायला आला तो नेमका भर दुपारी. त्याला ताटीआड खुर्चीत बसवलं, हातात पन्ह्याचा पेला दिला. गडी दुपारचा घरी गेलेला, तेव्हा ताटीवर पाणी मारायचं काम माझ्याकडे. मी बाहेर ओसरीवर, डोक्यावर ओला पदर, विहिरीतून ओढलेली बादली पुढ्यात, आणि पाठीवर लूचे चटके. आत दोघांचं इंग्रजी चाललं होतं. तेवढं इंग्रजी मला यांनीच हौसेनं शिकवलं होतं. साहेब म्हणाला, इथं मोठा सुखद गारवा आहे. मग अहवाल चाळून म्हणाला, काम चोख आहे, या गावात चक्कीजोगा वारा नाही. हे म्हणाले, "येस सर."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तांब्या बादलीत टाकला आणि भिंतीला टेकून बसले.

ताटी वाळायला कितीसा वेळ लागतो! पुढचा झोत भट्टीसारखा आत शिरला. टेबलावरचे कागद खोलीभर उडाले. साहेबाचा चेहरा टोमॅटो झाला. यांची हाक आली, "अगं, पाणी! पाणी कुठं आहे?"

"विहिरीत आहे," मी ओरडून सांगितलं. "चक्की बसली की येईल वर!"

मला वाटलं, आता तरी दोघांपैकी एकाच्या डोक्यात उजेड पडेल. मी उठून ताटीच्या फटीतून पाहिलं. हे गुडघ्यांवर रांगत खाटेखालचे कागद गोळा करत होते. शेवटचं पान सापडल्यावर ते टेबलावर ठेवलं, पण ठरेना. मग यांनी ते दोन्ही तळहातांनी घट्ट दाबून धरलं, कोपरा साहेबानं पेल्याखाली ठेवला, आणि त्यावर झोकात सही केली.

पुढे सरकारदरबारी यांचं फार कौतुक झालं म्हणे. मी मात्र सही झाली तशी दोर उचलून विहिरीवर गेले. संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता, आणि साहेब जेवायला थांबणार होता.