फडावर कोण जाणार

दिवाळी झाली की बिडकीनच्या पलीकडचं आमचं गाव निम्मं रिकामं व्हायचं. माणसं ऊसतोडीला जायची, पोरं त्यांच्या मागं, अन् शाळा ओस. पोरांची शाळा बुडू नये म्हणून सरकारनं शाळेतच हंगामी वसतिगृह काढलं. मायबाप फडावर, पोरं इथं.

त्या वर्षी सर आमच्या अंगणात बसून दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, समजावत होते, "दोन्ही पोरी ठेवा." दादांनी मान खाजवली. "मोठी ठेवतो, सर. धाकली न्यावी लागंल. तान्ह्याला कोण बघंल?"

सर खूश! त्यांना वाटलं, आपलं बोलणं पटलं. पटलं कसलं डोंबलाचं! मी नुकती मोठी झाले होते आणि फडावरच्या पाचटाच्या कोपीला दार नसतं. आईला त्याचीच धास्ती. शिकवायला नाही, कुलपात ठेवायला मला ठेवलं.

मला शाळेचा मनापासून कंटाळा. वेड होतं ते धाकटीला. चौथीत असून माझी सातवीची गणितं तोंडी सोडवायची, आगाऊ कुठली! ट्रकमध्ये चढताना ती आईचा पदर धरून रडत होती, "मला ऱ्हाऊ दे ना गं." मी खालून बोंबलत होते, "मला ने, तिला ठेव!" आईनं तान्हं तिच्या कडेवर दिलं अन् माझ्यावर खेकसली, "गप! तुला न्यायला मी काय आंधळी हाय का?"

मग काय, रोज हजर. सांजंला खिचडी खाल्ली की वसतिगृहाच्या बाई फाटकाला कुलूप घालायच्या. मी गज धरून उभी. जीव नुसता घुसमटायचा. तालुक्याचे साहेब आले तेव्हा एकही दिवस शाळा न चुकवलेली मुलगी म्हणून सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. चुकवून जाणार कुठं होते मी? असा संताप आला, सांगते!

पुढच्या दिवाळीला सर पुन्हा आले. या खेपेला मी हट्टालाच पेटले होते, काही झालं तरी धाकटीला शाळेत ठेवायला लावायचंच. मी तोंड उघडायच्या आत ती पोराला कडेवर घेऊन बाहेर आली. तिनं बोचकंही बांधून ठेवलं होतं.

सरांनी तिलाच विचारलं, "तू राहतेस ना गं शाळेत?"

तिनं पोराचं नाक पुसलं. "ह्यो माझ्याबिगर ऱ्हात नाय, सर. तुमी ताईलाच शिकवा."