परदेशी कोळशाची गंजी

जपानात थंडी किती पडली, याची चौकशी एके काळी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत फार व्हायची. सकाळी बदनापूरहून पॅसेंजरने येऊन, शेअर रिक्षात अंग चोरून मी मिलच्या फाटकाशी उतरायची, तेव्हा शेजारच्या चहाच्या टपरीवर चार-पाच जण हमखास उभे असत. बोलणं साधारण असं:

"जपानवाले औंदा लई उचलून राह्यले म्हणे."

"आन् चीन?"

"चीनचं तर इचारूच नका. सोताचा कोळसा बाहेर देत न्हाई, वरून दुसऱ्याचा घेऊन राह्यला."

यांतल्या किती जणांनी समुद्र पाहिला होता, ते मी कधी विचारलं नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या बंदरात जहाजं अडकली की यांचा चहा गार व्हायचा आणि इंडोनेशियात पाऊस थांबेना झाला की हे कपाळावर हात मारून घ्यायचे. आपल्याकडे पाऊस जास्त पडला तर आनंद, तिकडे जास्त पडला तर चिंता, असा दोन्हीकडचा हवामानाचा भार ही माणसं बिनबोभाट वाहत होती.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेले, आणि लोखंडी सळई बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये कोळसा तपासायला होते. माझी प्रयोगशाळा म्हणजे वजनकाट्याशेजारची दहा बाय दहाची खोली. तिच्यात एक विजेची छोटी भट्टी, एक तराजू, थर्मामीटर, आणि वीज गेली की वारा घालायला एक जुनं रजिस्टर. आलेल्या कोळशातला चिमूटभर जाळायचा आणि मागे राख किती उरली ते वजन करून लिहायचं, हे माझं काम. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून जालन्याला राख तोलायला जाती." त्यात चूक काही नव्हती, त्यामुळे मला राग जास्त यायचा.

आमच्याकडे यायचा तो चंद्रपूर-वणीकडचा कोळसा. त्यात कोळसा किती आणि दगड किती यावर सगळं गणित. तो दळून त्याची पूड मोठ्या भट्टीत फुंकायची, आत लोखंडाचे ठोकळे लाल करायचे आणि मग ते दाबून सळई काढायची. त्या मोठ्या भट्टीचे राजे होते आमचे भट्टीमिस्त्री. राजूरकडचे, घरची शेती, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला ताई म्हणायचे, आणि आमचं रोज भांडण व्हायचं.

कारण मामांना तराजू लागत नसे. ट्रकमधला एक खडा उचलायचा, तळहातावर दोनदा झेलायचा, लोखंडी पत्र्यावर आपटून आवाज ऐकायचा, फुटलेल्या जागी नाक लावायचं, आणि निकाल: "बारा आणे कोळसा, चार आणे दगड." आणे चलनातून जाऊन जमाना झाला होता, पण मामांचा कोळसा अजून आण्यांतच होता. माझी राख थंड व्हायला, तिचं वजन व्हायला आणि मधली वीज परत यायला दुपार व्हायची. मग मी टक्क्यांचे आणे करून पाहायची. आमची पैज ठरलेली होती. हरेल त्याने दुसऱ्या दिवशी आपल्या शेतातली एक मोसंबी आणायची, हंगाम नसला तर जिंकणाऱ्याला चहा. मोसंबी दोघांच्याही शेतात होती आणि चवीत फरकही काही नव्हता, पण हरलेल्याची जरा जास्त गोड लागते. पहिल्या वर्षी मीच जास्त वेळा हरले, हे मी घरी आजतागायत सांगितलेलं नाही.

आता शेठ. शेठनी त्या वर्षी आपल्या केबिनमधलं देवाचं कॅलेंडर बाजूला सरकवून तिथे आशियाचा नकाशा लावला. नकाशावर जालना नव्हतं, म्हणून पेनाने एक ठिपका दिला. तो ठिपका तेलंगणात गेला होता, पण सांगणार कोण? रोज मुंबईच्या दलालाचा फोन आला की शेठ नकाशासमोर उभे राहून बोलायचे आणि ठेवला की जो समोर असेल त्याला शिकवायचे.

"देखो ताई, बात सीधी हाय. साऱ्या आशियाला एकदम वीज पायजे झाली. जपानला हीटर पायजे, कोरियाला कारखाना, चीनला तर सगळंच पायजे. कोळसा तेवढाच. मंग भाव कुठं जाईल?"

भाव कुठे जाईल हे ते बोटाने वर दाखवायचे आणि नेमकी तेव्हाच आमची लाइट जायची. साऱ्या आशियाची भूक आम्हाला अंधारात, रजिस्टरने वारा घेत समजावून सांगितली गेली. भारनियमन इतकं होतं की विजेच्या मागणीवर बोलायचा अधिकार आमच्याइतका कोणाला नव्हता.

अशाच एका व्याख्यानानंतर शेठनी जाहीर केलं की भाव आणखी चढायच्या आत इंडोनेशियाचा कोळसा घ्यायचा, आणि घ्यायचा तर वर्षभराचा. आमच्या मिलमध्ये परदेशी कोळसा कधी आला नव्हता. भाद्रपदात बंदरावरून ट्रक लागले. पहिल्या ट्रकला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, शेजारच्या मिलचे लोक पाहायला आले. जावई यावा तसा तो कोळसा उतरला. रंग काळा कमी, तपकिरी जास्त, आणि हातात हलका.

मामांनी खडा झेलला. आपटला. नाक लावलं, आणि बराच वेळ लावूनच ठेवलं.

"ताई, राख न्हाई यात, खरंय. पन ह्यो कोळसा कच्चा हाय. पोटात पानी हाय त्याच्या."

मी हसले. नुसती हसले असते तरी चाललं असतं, पण मी शेठ, दलालाचा माणूस आणि दोन मिलचे लोक यांच्यासमोर मोठ्याने म्हणाले, "मामा, कोळसा काय आंबा आहे का, कच्चा आणि पिकलेला व्हायला? आढी घालू या का त्याची?"

सगळे हसले. दुपारी माझा निकाल आला: राख इतकी थोडी की आमच्या तराजूला ती दिसता दिसता नाकी नऊ आले. ओलावा भरपूर निघाला, तोही मी लिहिला, पण ओलावा म्हणजे वजनकाट्याआधी कोणीतरी मारलेलं पाणी, अशी आमच्याकडे पक्की समजूत, तेव्हा मामांचा 'कच्चा' खोटा ठरला आणि पैज मी जिंकले असं धरलं. कोळशाच्या अंगातच पाणी असतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून विसरले होते.

शेठ खुशीत होते. "मिस्त्री, आता तुमच्या हाताला पेन्शन द्या. ह्यो कोळसा आपोआप जळतो, बराबर? दसऱ्यापास्नं घरी आराम करा. मोसंबीची बाग बघा."

शेठ थट्टा करत होते असं कोणालाही वाटलं असतं. पण शेठच्या थट्टा खऱ्या होत असत. आदल्या वर्षी म्हाताऱ्या वॉचमनला त्यांनी हसत हसतच काशीला जायला सांगितलं होतं आणि पुढच्या महिन्यात फाटकावर नवा माणूस होता. मामांना ते कळलं, मला कळलं. भट्टीशिवाय मामा म्हणजे काय, याची कल्पनासुद्धा मला करता येईना. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक मोसंबी होती. मामा ती ठेवून गेले होते, आणि पुढे बोललेच नाहीत. मीही बोलले नाही. माझं काय चुकलं, मी जिंकले होते, असा माझा ताठा.

त्या कोळशाबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद आला होता. मिलमध्ये तो वाचू शकणारी मी एकटी. त्यात बऱ्याच आकड्यांखाली लिहिलं होतं, की हा कोळसा उंच रचू नये, रचला तर दाबून घट्ट करावा, रोज त्याचं तापमान बघावं, कारण तो आपोआप तापतो. मी ते वाचलं. औषधाच्या बाटलीवर लिहितात तसलं काहीतरी म्हणून घडी घालून रजिस्टरमध्ये ठेवलं. हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की खिडकीतून मला दिसत होतं, मामा स्वतः उभे राहून त्या कोळशाची गंजी रचून घेत होते, आणि त्यांच्याकडे चालत जाऊन बोलायला मला कमीपणा वाटत होता.

गंजी मात्र बघण्यासारखी झाली. मिलमधली सगळी माणसं शेतकऱ्यांच्या घरची, कडब्याची गंजी रचणं त्यांच्या हाताला ठाऊक. खाली रुंद, वर निमुळती, परतीच्या पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून डोक्यावर ताडपत्री, तिला दोऱ्या, दोऱ्यांना दगड. मामांनी भट्टीवरच्या आपल्या शेवटच्या दिवसांत सगळी कला तिथे ओतली असावी. शेठनी गंजीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

दसऱ्याला आठवडा असेल. सकाळी मी फाटकातून आत आले तर गंजीच्या शेंड्यातून बारीक पांढरी रेघ निघत होती. वॉचमन म्हणाला, शेठनी धूप लावला असेल. शेठ आले आणि म्हणाले, वॉचमनने लावला असेल. मग वास आला, आणि धुपाचा नाही हे सगळ्यांना एकदम कळलं.

शेठनी टँकर बोलवा म्हणून फोन लावला. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं तिथे शेठ टँकर ओतायला निघाले होते. मामा भट्टीवरून धावत आले आणि त्यांनी फोनवर हात ठेवला.

"पानी न्हाई, शेठ. ओला कडबा रचला की गंजी आतून अशीच तापती. फोडावी लागती. जल्दी फोडायची आन् पातळ पसरायची."

भट्टी बंद झाली. घमेली, फावडी, हाताला येईल ते घेऊन सगळी मिल गंजीवर चढली. मीसुद्धा ओढणी कमरेला बांधून घमेली उचलली. शेठनी काही वेळ सूचना केल्या, मग त्यांनीही फावडं घेतलं. मधला कोळसा निखाऱ्यासारखा निघाला. तो मामांनी वेगळा काढून दूर पसरवला, बाकीचा मैदानभर अंथरला. दुपारपर्यंत बराचसा वाचला. आमची तोंडं अशी झाली होती की कोण हिशेबनीस आणि कोण हमाल ते आवाजावरून ओळखावं लागत होतं.

मग शेठना राग करायला सवड मिळाली. "गंजी कुणी रचली? मिस्त्रीनी. वर्षाचा माल होता. दसऱ्यापास्नं न्हाई, आजपास्नं घरी जा."

मामांनी मान खाली घातली. मी खोलीत गेले, रजिस्टरमधला कागद काढला, आणि काळ्या बोटांचे ठसे उमटवत तो शेठच्या हातात दिला. त्यात काय लिहिलंय ते मराठीतून सगळ्यांसमोर सांगितलं. हा कागद भाद्रपदापासून माझ्याकडे होता हेही सांगितलं.

"मंग दिला का न्हाई?" शेठ म्हणाले.

"मामांशी अबोला होता," मी म्हणाले.

एवढं पदवीचं शिक्षण घेऊन द्यायला माझ्याजवळ एवढंच उत्तर होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. शेठ माझ्याकडे बघत राहिले, मग मामांकडे, मग मैदानभर पसरलेल्या कोळशाकडे. तो कोळसा आता राखायचा कसा, हे कागदात होतं आणि मामांच्या हातात होतं. दोघांनाही घरी पाठवून चालणार नव्हतं. "दोघंबी कामाला लागा," एवढंच बोलून ते केबिनमध्ये गेले. दसरा आला आणि गेला, मामांच्या आरामाचा विषय परत निघाला नाही.

पण तो दिवस तिथे संपला नाही. संध्याकाळी नळावर हात धुताना मामा शेजारी आले. मी म्हणाले, "मामा, माझ्यामुळे तुमचं काम जाणार होतं."

ते साबण चोळत राहिले. "ताई, त्या कागदाचं लई मनाला लावून घेऊ नका. आठ दिसापूर्वी मी ताडपत्रीखाली हात घालून पायला व्हता. गरम लागला व्हता हाताला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हसाल म्हनून."

मी नळ बंद केला. हाताने बारा आणे-चार आणे सांगणारा माणूस स्वतःच्या तळहातावर आठ दिवस विश्वास ठेवायला कचरला होता, तो चीनमुळे नव्हे, जपानमुळे नव्हे, माझ्या एका हसण्यामुळे.

दुसऱ्या दिवशी बदनापूरला गाडीत चढताना माझ्या पिशवीत एक मोसंबी होती, झाडावरून सकाळी हाताने तोडलेली. मिलवर पोचून खोलीचं दार उघडलं, तर टेबलावर आधीच एक ठेवलेली होती.